आकडीचा पाठ

जिभेवर आलेली विद्या संकटकाळी हातापर्यंत पोहोचेलच असे नाही. ती न पोहोचणे क्षम्य आहे. पण ते झाकून दुसऱ्याचे श्रेय आपल्या पदरात पडू देणे क्षम्य नव्हे.

टिटवाळ्याची कल्पिता माध्यमिक शाळेतली आरोग्यशिक्षिका होण्याचे शिक्षण घेत होती. डोंबिवलीतल्या एका शाळेत नववीच्या वर्गावर तिचे सराव पाठ चालू होते. सोमवारी तिने अपस्मार शिकवला. आकडी आलेल्याला कुशीवर वळवावे, दाबून धरू नये, आणि कांदा किंवा चप्पल कदापि हुंगवू नये, असे तिने मुलींकडून घोकून घेतले.

गुरुवारी अखेरच्या पाठाला निरीक्षक महेंद्र सर यायचे होते. ते येण्यापूर्वीच दुसऱ्या बाकावरची संचिता कोसळली आणि हातपाय झटकू लागली. धाकट्या भावाला आकडी आली की कल्पिताची आई जे करी, तेच या क्षणी कल्पिताच्या हातांनी केले. तिने पायातली चप्पल काढली आणि मुलीच्या नाकाशी धरली.

"बाई, चप्पल नको," म्हणत शेजारी बसलेल्या मृणालने बाईंचा हात बाजूला सारला, मैत्रिणीला कुशीवर वळवले आणि ओढणीची घडी डोक्याखाली सरकवली. झटके थांबता थांबता सर दारात आले; कुशीवर वळवलेली मुलगी आणि तिच्याजवळ बाई, एवढेच त्यांना दिसले.

"उत्तम हाताळलंत. पाठापेक्षा हीच खरी परीक्षा," असे म्हणून ते वहीत शेरा लिहू लागले.

कल्पिता गप्प राहिली. मुलीही गप्प राहिल्या. त्या बाईंची अब्रू राखत होत्या, आणि नेमके तेच तिला सोसवेना.

काही वेळाने संचिता भानावर आली. शेजारी पडलेल्या चपलेकडे तिची नजर गेली.

"मला चप्पल लावली ना? घरी लावतात ते चालतं, बाई. इथं सगळ्यांसमोर..."

कल्पिताची मान खाली गेली.

"मी लावली, संचिता. शिकवलं एक आणि केलं भलतंच. सर, तिला कुशीवर वळवलं ते मृणालनं."

सरांनी शेरा खोडला. पाठ पुन्हा द्यावा लागेल, एवढेच ते म्हणाले.

संचिताने बाईंचा पुढे झालेला हात घेतला नाही. मृणालच्या खांद्याचा आधार घेत ती फाटकापर्यंत गेली. तिचे दप्तर घेऊन कल्पिता मागून चालली, आणि न्यायला आलेल्या आईलाही तिने काही न वगळता सारे सांगितले.

त्या लेकीला निरामय आयुष्य लाभो, तिच्या सखीची बुद्धी अशीच जागी राहो, आणि जिला लाज वाटली, तिच्या हातून पुढे अनेकांचे रक्षण घडो.