आवडाबाईचा सोमवार

आमच्या गावात बैलाला सोमवारी सुट्टी असते. महादेवाचा वार, नंदीचा वार. त्या दिवशी कोणाच्याही मानेवर जू ठेवायचं नाही. मग लावणीचे दिवस असोत, रोप पिवळं पडायला लागलेलं असो, नाहीतर रेवसच्या बंदरावर भाताच्या गोणी पोचवायच्या असोत. नियम मोडला तर गावातल्या गुरांना रोग येतो, अशी आमची पक्की समजूत आहे. माणसांना रोग कशाने येतो, याचा विचार गावकीने अजून केलेला नाही.

बैल बसला की मालकही बसतो. त्याने एकट्याने नांगर ओढायचा की काय? तेव्हा सोमवारी आम्ही पुरुषमंडळी बैलांना ओढ्यावर नेऊन धुतो, पेंड चारतो, आणि एवढ्या श्रमाने थकून ओटीवर आडवे होतो. बायकांच्या मानेवर जू नसतं, त्यामुळे त्यांच्या सुट्टीचा प्रश्नच येत नाही. शेण, पाणी, चूल, जातं, रोप उपटणं ही सगळी कामं बिनजुवाची. आज मी हे चेष्टेने लिहितोय. तेव्हा मात्र हे सारं देवानेच आखून दिलंय असं मला मनापासून वाटायचं.

सत्तावन्न सालच्या आषाढात माझा शेजारी धर्माजी अडचणीत सापडला. त्याच्या जोडीतल्या मोऱ्याचा खूर सुजला. चिखल तयार होता, रोप उपटून ठेवलेलं होतं, फक्त फळी फिरवून चिखल सारखा करायचा राहिला होता. लावणीच्या आठवड्यात कोणी कोणाला बैल देत नाही. मीही दिला नाही. मुलगा रामचंद्र मुंबईला गिरणीत, त्याला रजा नाही. धर्माजीने चहूकडे पाहिलं आणि त्याची नजर बायकोवर जाऊन थांबली.

शुक्रवार आणि शनिवार, दोन दिवस आवडाबाईने फळी ओढली. जुवाच्या एका टोकाला चांद्या बैल, दुसऱ्या टोकाखाली तिचा खांदा, त्यावर जुन्या लुगड्याची घडी. पन्नाशीची बाई. गुडघ्याएवढ्या चिखलात पाय रुतायचा, की मागून धर्माजी ओरडायचा, आणि चांद्याला म्हणतोय की तिला, हे तिघांनाही कळत नसावं. बाईने नांगराला हात लावला तर पाऊस जातो म्हणतात. पण फळी म्हणजे काही नांगर नव्हे, असं ठरवून आम्ही सगळे गप्प राहिलो. मी बांधावर उभा राहून "वहिनी, जपून" एवढं म्हणालो. शेजारधर्म म्हणून.

रविवारी लावणी झाली. तीही तिनेच, वाकून.

सोमवारी सकाळी धर्माजी माझ्या ओटीशी आला. त्याचा चेहरा असा, की मला वाटलं मोऱ्या गेला.

"भागोजी, आमच्यात चूल न्हाय पेटली."

"का रं? लाकडं भिजली?"

"लाकडं सुकी हायत. ती गोठ्यात जाऊन बसलीय."

मी गेलो. आवडाबाई खरंच गोठ्यात, दोन बैलांच्या मध्ये, पेंढ्यावर पाय पसरून बसली होती. मला बघून तिने पदर नीट केला; पण उठली नाही.

"वहिनी, असं काय?"

"आज सोमवार हाय, भाऊजी." तिने पदर बाजूला केला. खांद्यावरची कातडी तळहाताएवढी सोलवटली होती. "ज्याच्या मानेवर जू, त्याला सोमवारी कामाला लावायचं न्हाय. तुमचाच नेम ना? पोराला गिरणीवाल्यानं रविवार दिला. बैलाला म्हादेवानं सोमवार दिला. मला कंचा वार, ते आजवर कोन बोललंच न्हाय. मंग माझा मीच शोधला."

धर्माजीने माझ्याकडे पाहिलं. मी चांद्याकडे पाहिलं. चांद्या रवंथ करत होता; त्याची काही हरकत दिसली नाही.

गावकी बसली ती देवळात. रावजी आमचा म्होरक्या. कोणताही प्रश्न आधी होता त्याहून अवघड करून घेतल्याशिवाय त्याला सोडवता येत नसे. तो म्हणाला, नेम बैलाचा आहे. मग कोणीतरी विचारलं, नेमात बैल हा शब्द आहे का? वाडवडिलांनी "ज्याच्या मानेवर" एवढंच सांगितलेलं. रावजी म्हणाला, फळी म्हणजे काम धरायचं नाही. मग दुसरा म्हणाला, जू तर तेच ना? जे मोऱ्याचं जू होतं ते हिच्या खांद्यावर गेलं म्हणून काय ओंडका झालं? तासभर असं चाललं. बाई दमली असेल, हे मात्र तासाभरात एकाच्याही तोंडून आलं नाही. माझ्याही नाही.

शेवटी कामी आली ती भीती. समजा तिला आज कामाला लावलं आणि उद्या गुरांना रोग आला, तर? सोललेल्या खांद्याने जे झालं नव्हतं ते गुरांच्या काळजीने एका दमात केलं. ठरलं की मोऱ्या बरा होऊन जुवाखाली येईपर्यंत धर्माजीच्या बायकोला सोमवारी काम सांगायचं नाही, आणि चारापाणी धर्माजीने करायचं. चारापाणी हाच शब्द वापरला. कोणी हसलं नाही.

धर्माजीने भात केला. वरून करपलेला, आतून कच्चा. असा भात करायलाही कसब लागतं. आवडाबाईने तो मुकाट्याने खाल्ला.

पण खरी गंमत नंतर झाली. गावकीची परवानगी मिळाली, महादेवाची मिळाली, आता तिने निवांत पडावं की नाही? पडेना! ओटीवर टेकली की कोपऱ्यातला केर दिसायचा, हात झाडूकडे जायचा. परत बसली की परसातलं भांडं दिसायचं. दोन वेळा ती हंडा घेऊन उठली आणि दोन्ही वेळा आमच्या मंडळीने, राहीने, कुंपणावरून ओरडून तिला बसवलं. "राही, लई पाप केल्यासारखं वाटतंय गं," ती म्हणाली. पस्तीस वर्षांच्या संसारात दिवसाउजेडी पाठ टेकली होती ती फक्त बाळंतपणात, तीही मोजून. दुपारी केव्हातरी तिचा डोळा लागला. मग गावातल्या बाया एकेक करून येऊन, झोपलेली बाई पाहून गेल्या. बायांची ती रांग बघून मला पहिल्यांदा लाज वाटली.

पुढच्या सोमवारपर्यंत मोऱ्या चालू लागला. शनिवारी धर्माजीने त्याला तासभर जुंपूनही पाहिलं. मुलीचं लग्न जमावं तसा आनंद! रविवारभर गावात सांगत सुटला, "मोऱ्या बरा झाला, मोऱ्या बरा झाला." सोमवारी सकाळी तो रावजीला आणि मला घेऊन घरी निघाला, हुकूम संपल्याचं बायकोला रीतसर कळवायला. असली कामं एकट्याने करायची हिंमत त्याच्यात नव्हती.

आवडाबाई उंबऱ्यावर बसली होती. चूल थंड. या खेपेला गोठ्यात नाही, घराच्या उंबऱ्यावर.

रावजी खाकरला. "आवडाबाई, मोऱ्या बरा झाला."

"व्हय, बघितला. मीच त्याच्या खुराला हळद बांधत हुती."

"मंग तुझ्या मानेवर आता जू न्हाय. नेमापरमानं तुझा सोमवार संपला."

"नेम बैलांचा हाय," आवडाबाई म्हणाली. "मी काय बैल हाय?"

आठवड्यापूर्वी याच मुद्द्यावर रावजी तासभर भांडला होता.

"अगं पण मंग कंच्या नेमानं बसलीस?" धर्माजी कळवळला.

"दमले म्हनून बसले." आवाज चढवला नाही, डोळ्यांत पाणी आणलं नाही, खांदाही दाखवला नाही. "त्या दिवशी बैल झाले तवा तुम्ही मला बसू दिलंत. आठ दिस मी इचार केला, बसायला बैल कशाला व्हायचं? बैलाचं जू दुसऱ्यानं उतरवायला लागतं. मला हात हायत."

तिघे बाप्ये दारात उभे होतो. ती म्हणाली, "जरा बाजूला व्हा, वारा अडतोय."

आम्ही बाजूला झालो.

मी घरी वळलो तर वाटेत राही भेटली, रिकाम्या हातांनी आवडाबाईच्या घराकडे निघालेली. कुठे चाललीस, असं विचारायला मी तोंड उघडलं.

"पेज चुलीवर हाय," ती न थांबता म्हणाली. "उतू जाईल, बघा."