मंगळवार-शुक्रवारचा खड्डा

तो वजनमापांचा निरीक्षक होता. दुकानोदुकानी फिरून तराजू तपासायचे, खऱ्यावर शिक्का मारायचा आणि खोट्याला सील ठोकायचं, हे काम त्याने बावीस वर्षं इमानेइतबारे केलं होतं. बाजारात त्याला 'काटा' म्हणत. तो रस्त्याच्या टोकाला दिसला की दुकानदार आधी तराजू पुसत आणि मग कपाळ. यंत्र एकतर बरोबर असतं, नाहीतर बिघडलेलं असतं, असं त्याचं मत होतं. माणसांबद्दल त्याला एवढी खात्री नव्हती.

चार वर्षांपूर्वी रक्तदाब वाढला तेव्हा डॉक्टरांनी मन रमेल असं काहीतरी करायला सांगितलं. म्हणून त्याने बैठकीच्या खोलीत खाऱ्या पाण्याची मोठी काचेची टाकी मांडली. आत समुद्रातले खडक, त्यांवर जांभळी-हिरवी जिवंत प्रवाळं आणि चार मासे. प्रवाळांना उकाडा सोसत नाही, म्हणून त्या खोलीला एसी लागला. मन रमलं की नाही कोण जाणे, पण रोज संध्याकाळी नळ्यांमध्ये थेंब टाकून पाण्यातला खार आणि चुना मोजताना त्याचा रक्तदाब आणखी वाढू लागला.

त्यातच साडूने कंट्रोलर घेतला. म्हणजे एक पेटी. तिच्या वायरी पाण्यात सोडायच्या. ती तापमान बघते, पंप आणि दिवे चालू-बंद करते आणि काही बिनसलं तर फोनवर कळवते. साडू जेवायला आला असताना त्याने, काट्याच्याच टेबलावर बसून, स्वतःच्या घरच्या टाकीतले दिवे मालवून दाखवले. काट्याला त्या दिवशी दुसरी पोळी गेली नाही.

मग निवड सुरू झाली. कोणत्या पेटीला किती प्लग, कोणाची वायर किती वर्षं टिकते, वीज गेली तर कोण आठवण ठेवतं, असा एकतीस रकान्यांचा तक्ता त्याने तयार केला. या कामात नऊ महिने गेले. त्याची बायको एका शाळेच्या ग्रंथालयात होती. तिने तो तक्ता एकदाच पाहिला आणि म्हणाली, "माझ्यासाठी दोन भेटी पुरल्या होत्या तुम्हाला."

शेवटी माशांच्या दुकानाचा मालकच कंटाळला. त्याने तीन पेट्या शेवटच्या यादीत आणल्या आणि सांगितलं, की एकेक घरी न्या, पंधरा-पंधरा दिवस वापरा, जी पटेल ती ठेवा, पण आता प्रश्न विचारू नका.

पहिली पेटी सर्वांत साधी होती. ती तापमान दाखवायची आणि सामू, म्हणजे पाणी आम्लाकडे झुकतंय की कसं ते सांगणारा आकडा. तो सव्वाआठच्या आसपास असला की प्रवाळं खूश. पहिल्या आठवड्यात काट्याने फोनवर आलेख उघडला आणि त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या. मंगळवारी दुपारी दोनपासून सामू घसरत घसरत आठवर आला होता आणि सहानंतर हळूहळू वर चढला होता. शुक्रवारी पुन्हा तसाच खड्डा, मंगळवारपेक्षा केसभर खोल. एरवी रेघ सरळ. पुढच्या आठवड्यातही तेच. काट्याने पेटी दोषपूर्ण ठरवली, तसं लेखी दिलं आणि परत केली.

दुसरी पेटी नावाजलेली होती. तिनेही मंगळवारी आणि शुक्रवारी खड्डा दाखवला. दोन कंपन्यांनी एकच चूक एकाच वेळी करावी, याचा अर्थ त्याला लागेना. त्याने घरच्यांची चौकशी केली. दुपारी घरात फक्त त्याचे वडील असत. ते निवृत्त होईपर्यंत विद्यार्थ्यांच्या वसतिगृहाचे रेक्टर होते. तीस वर्षांत त्यांनी मुलांच्या गादीखालून पत्त्यांचे इतके जोड जप्त केले होते, की त्यांच्या नुसत्या खोकल्याने मजल्याचा मजला अभ्यासाला बसे. टाकीत हात घातला होता का, असं काट्याने त्यांना विचारलं. मी त्या खोलीत फार वेळ नसतोच, असं त्यांनी वर्तमानपत्राआडून सांगितलं.

तिसरी पेटी इतकी हुशार होती, की ती खड्डा दाखवून थांबली नाही. तिने मंगळवारी दुपारी त्याला कचेरीत फोनवर लाल अक्षरांत इशारा दिला. तो तसाच माशांच्या दुकानात गेला आणि तिन्ही कंपन्या संगनमताने ग्राहकाला फसवताहेत, असं त्याने मालकाला ठासून सांगितलं. मालकाने आलेख बघितला. मग विचारलं, "त्या खोलीत दुपारी माणसं किती असतात?"

"एक. तेही फार वेळ नाही."

मालक म्हणाला, की बंद खोलीत माणसं दाटीने बसली की त्यांच्या श्वासाने हवा जड होते, ती हवा पाण्यात उतरते आणि सामू पडतो. हा खड्डा एका माणसाचा नाही. त्याच्या अंदाजाने सहा-सात तरी असावीत.

पुढच्या मंगळवारी काट्याने अकरा वर्षांत पहिल्यांदा अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि साडेतीन वाजता स्वतःच्या किल्लीने स्वतःचं दार उघडलं. बैठकीची खोली गारेगार होती. खिडक्या बंद, पडदे ओढलेले, टाकीचा निळा उजेड. त्या उजेडात जेवणाच्या टेबलाभोवती सातजण पत्ते खेळत होते. वरच्या मजल्यावरची निवृत्त सुईण, समोरच्या घरातला दंतवैद्य, लिफ्टदुरुस्तीवाला आणि आणखी तिघे. सातवे वडील. पिसलेला जोड त्यांच्याच हातात होता.

सुईणबाईंनी हातातली पानं पदराखाली घेतली. वडिलांनी मुलाकडे पाहिलं, आणि वसतिगृहात दार उघडल्यावर त्यांनी जो चेहरा शेकडो वेळा समोर पाहिला होता, तोच त्या वेळी त्यांचा झाला होता.

काटा मात्र आधी टाकीपाशी गेला. पेटीवर आठ पूर्णांक शून्य दोन होता. मग त्याने वळून बोटाने माणसं मोजली. सात. त्याच्या चेहऱ्यावर असा आनंद पसरला, की दंतवैद्याला वाटलं याला झटका आला.

"बरोबर आहे," तो म्हणाला. "तिन्ही यंत्रं बरोबर आहेत."

राग त्याला नंतर आला, सगळे चपला घालून निघून गेल्यावर. वडिलांनी फार ताणलं नाही. घरात ही एकच खोली थंड होती. त्यांच्या खोलीत दुपारी माणूस उकडून निघतो. माशांसाठी एसी लागला, तो माणसांनी वापरला तर बिघडलं कुठे, एवढंच ते म्हणाले. जप्त केलेल्या जोडांचं काय, असं काट्याने विचारलं. त्यावर ते म्हणाले, "ते फेकवले नाहीत रे. इतके चांगले पत्ते."

रात्रीच्या जेवणानंतर त्याने बायकोला सगळं सांगितलं. ती ऐकत होती, पण चकित होत नव्हती. त्याच्या लक्षात आलं, की शुक्रवारी तिची शाळा अर्ध्या दिवसाने सुटते.

"शुक्रवारी आठजण असतात?" त्याने विचारलं.

"तुम्ही यंत्राला विचारलंत," ती म्हणाली. "मला कुठे विचारलंत?"

दोन दिवस घरात बोलणं मोजूनमापून झालं. तिसऱ्या दिवशी काटा दुकानात गेला. तिन्ही पेट्या खऱ्या निघाल्यामुळे एकतीस रकान्यांचा काही उपयोग उरला नव्हता. त्याने सर्वांत साधी, पहिली पेटी मागितली. मालकाने आधी 'दोषपूर्ण' हा शेरा मागे घेतल्याचं लेखी घेतलं, खाली सही घेतली, आणि तो कागद काचेच्या फ्रेममध्ये घालून गल्ल्यामागे लावला.

पत्त्यांचा डाव बंद झाला नाही. तो बंद करायचा तर घरातल्या दोघांना सामोरं जावं लागलं असतं, आणि काट्याने तेवढी वजनं कधी पेलली नव्हती. त्याने एकच नियम घातला: खेळताना खिडकी उघडी ठेवायची. खिडकी उघडली की खोली तापे, म्हणून लिफ्टवाल्याने टाकीच्या काठावर छोटा पंखा बसवला. पंख्याने पाणी उडून जाई, म्हणून सुईणबाई प्रत्येक डावानंतर मापाने गोडं पाणी घालू लागल्या. तिसरी पेटीच घ्यायला हवी होती, असं दंतवैद्याचं म्हणणं पडलं, आणि त्यावरून एका मंगळवारी डाव अर्धवट राहिला.

महिनाभराने, शुक्रवारी दुपारी, काटा एका धान्याच्या दुकानात तराजूवर वजनं रचत होता. तेवढ्यात वडिलांचा फोन आला.

"सव्वाआठ आहे सामू," ते म्हणाले. "खिडकी उघडी आहे. आणि तुझी बायको सलग चौथा डाव हरली आहे, तेव्हा येताना जरा जपून ये."