चिमूटभर दाणे

मास्तरांना हल्ली काही आठवत नसे. अंगणातल्या तळ्यातल्या माशांना खाणं घातलं की दहा मिनिटांत ते पुन्हा डबा उघडायचे. जास्तीचं खाणं कुजून पाणी नासलं आणि आठवड्यात अकरा मासे मेले. हात टेकलेल्या बायकोने शेवटी आपोआप दाणे टाकणारं यंत्र आणलं. काठावर खांब रोवून तिने ते बसवलं, सकाळी आठ आणि संध्याकाळी पाचची वेळ लावली आणि डबा कपाटात कुलपात ठेवला.

आठला यंत्र घरघरलं आणि पाण्यावर दाणे पसरले.

"मग मी काय करू?" मास्तरांनी विचारलं.

"तुम्ही निवांत बसा."

दुपारी ती बाहेर आली तेव्हा ते काठावर उकिडवे बसून ताटातला भात तळ्यात टाकत होते. तिने त्यांचा हात धरला.

"अहो, मरतील ते."

"सकाळपासून उपाशी आहेत गं," ते कळवळून म्हणाले.

ताट रिकामं झालं होतं. सकाळचा नाश्ताही तिला पाण्यात तरंगताना दिसला. म्हणजे उपाशी हेच होते. तिने आतून भात आणून त्यांना घासाघासाने भरवला.

पाचला तिने यंत्र बंद केलं आणि चिमूटभर दाणे त्यांच्या तळहातावर ठेवले. मास्तरांनी ते हळूहळू टाकले. चेहरा खुलला.

दहा मिनिटांनी त्यांनी पुन्हा हात पुढे केला.

"आत्ताच घातलंत," ती म्हणाली.

"खोटं बोलतेस," ते म्हणाले आणि रडू लागले.