पायपुसणीच्या पायात बूट

एक होतं लखलखीत घर. त्या घरात राहायचा एक फरशी-पॉलिशवाला, त्याची टपाल वाटणारी बायको, त्यांची नऊ वर्षांची भिंगरी आणि पॉलिशवाल्याला लहानाचं मोठं करणारी त्याची म्हातारी आत्या. आणि या चौघांच्या पायाखाली राहायचे मी. हो, हो, मीच बोलतेय, दारातली पायपुसणी! इकडेतिकडे काय बघताय? खाली बघा.

माझा जन्म आत्याच्या मांडीवर झाला. भिंगरीचा आखूड झालेला झगा, टपालवालीचा विटलेला खाकी सदरा, पडद्याची निळी किनार आणि पॉलिशवाल्याची लहानपणची चड्डी (हे त्याला अजून ठाऊक नाही, तुम्हीही बोलू नका). या सगळ्यांच्या पट्ट्या फाडून आत्याने लांबच लांब वेणी घातली, आणि ती गोल गोल फिरवत टाक्यावर टाका घालत गेली. शेवटचा दोरा दाताने तोडला, मला झटकलं आणि म्हणाली, "झालीस बाई! आता दारात बस आणि आल्यागेल्याचे पाय पूस."

बसले की! पण बसून राहायला खालची फरशी नको का तशी?

पॉलिशवाला दिवसभर लोकांच्या फरशा घोटायचा आणि घरी आला तरी त्याचे हात शिवशिवायचे. जरा वेळ मिळाला की मेणाचा डबा उघडलाच. फरशी अशी झाली होती, की शेजारचं मांजर दारात बसलं तर बसल्याबसल्या पलंगाखाली पोचायचं आणि तिथून बावचळून बघायचं. आत्या तर त्याला 'गुळगुळ्या' म्हणूनच हाक मारायची.

भिंगरीला मात्र नुसती चंगळ. अंगणातून पळत यायची, धप्पकन माझ्यावर उडी, आणि आम्ही दोघी सूंऽऽऽ करत थेट कपाटापाशी! "आलं स्टेशन!" ती ओरडायची. खोटं कशाला बोलू, मलाही गुदगुल्या व्हायच्या. पायपुसणीच्या जातीला प्रवास कुठला हो घडायला?

टपालवाली चिडायची. "अहो, दिवसभर पावसापाण्यात शंभर घरांच्या पायऱ्या चढते, कुठे पाय घसरत नाही. आणि स्वतःच्या घरात शिरायचं तर भिंत धरावी लागते!"

"अगं, पण तोंड दिसतं की नाही त्यात लख्ख?"

"दिसतं ना! रोज पडताना दिसतं."

हसायचे सगळे. मीही हसायचे. आणि एके दिवशी आत्या भाजीची पिशवी घेऊन आली, तिने माझ्यावर पाय ठेवला आणि मी सटकले.

जिच्या मांडीवर जन्मले, तिलाच पाडलं मी! खुब्याचं हाड मोडलं. टोमॅटो घरभर गडगडत गेले. तिला उचलून नेताना टपालवालीने रागाने मला बाहेर भिरकावलं, तर आत्या त्या कळांमध्येही म्हणाली, "तिला आत घ्या गं. तिचा काय दोष? मी केलीय ती."

ऑपरेशन झालं. मग जिथे म्हाताऱ्या माणसांना पुन्हा चालायला शिकवतात तिथे आत्या दोन महिने राहिली. वॉकर धरून टुकूटुकू चालायला लागली. आता घरी आणायची म्हणून सगळे नाचायला लागले, तर तिथल्या मोठ्या नर्सबाई म्हणाल्या, "थांबा. पुन्हा पडल्या तर उभ्या राहायच्या नाहीत. आधी मी घर बघणार, मग सोडणार."

नर्सबाई आल्या. देह असा भारदस्त, की दार आपणहून बाजूला झालं म्हणा ना! हातात कागद, नाकावर चष्मा. पहिलं पाऊल त्यांनी माझ्यावर ठेवलं आणि मग काय सांगू! आम्ही दोघी निघालो. कपाट गेलं, टेबल गेलं, स्वयंपाकघराचा उंबरा आला तिथे मी अडकले, पण त्या पुढे गेल्या आणि ओट्याजवळच्या खुर्चीत नेमक्या बसल्या. चष्मा जागच्या जागी, कागद हातात.

भिंगरी टाळ्या पिटत ओरडली, "आलं स्टेशन!"

पॉलिशवाल्याने घाईघाईने पाणी पुढे केलं. "चहा टाकू का, बाई?"

"चहा राहू दे." नर्सबाईंनी श्वास घेतला. "बाहेरून ओले जोडे येणार, तेव्हा दारात पायपुसणं हवंच. पण ते तसूभर हलता कामा नये. पुढच्या सोमवारी येते. तेव्हाही सरकलं, तर आत्याबाई कायमच्या तिकडे. मी त्यांना मरायला पाठवणार नाही."

मग त्या भिंत धरधरून दारापर्यंत गेल्या.

घरात धांदल उडाली. मंगळवारी टपालवालीने दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप आणली. ती मला चिकटली, भिंगरीच्या केसांना चिकटली, मांजराला तर अशी चिकटली की ते शेपटीला टेप लावून गावभर मिरवून आलं. फक्त फरशीला चिकटली नाही. बुधवारी पॉलिशवाल्याने माझ्या चार बाजूंना चार दगड ठेवले. मी हलले नाही खरी, पण संध्याकाळपर्यंत तिघांचेही अंगठे सुजले. "आत्याला आणून दगडांवर पाडायचंय का?" टपालवाली म्हणाली. दगड गेले अंगणात.

शेवटी भिंगरीने आत्यालाच फोन लावला.

"गुळगुळ्याला दे," आत्या म्हणाली. "काय रे, दिवसभर ओल्या निसरड्या फरशीवर उभा असतोस. तू का नाही पडत?"

"माझे गमबूट असतात ना, आत्या. त्यांचे रबरी तळ फरशी धरून ठेवतात."

"मग तिलाही बूट घाल की! तुला कसं सुचत नाही रे? तुझं डोकंपण घोटून ठेवलंयस का?"

पॉलिशवाल्याने त्याचे जुने गमबूट काढले. तळ कापून त्यांच्या पट्ट्या केल्या. टपालवालीने टपालाच्या पिशव्या शिवायचं दाभण घेतलं आणि मला उलटी पाडून त्या पट्ट्या पोटाला शिवल्या. हसून हसून माझे टाके उसवायची वेळ आली! आयुष्यभर दुसऱ्यांचे जोडे पुसले, आणि आता माझ्या पायात बूट! शनिवारी मला दारात ठेवलं. भिंगरीने उडी मारली. मी जागची हलले नाही. टपालवालीने दोन्ही पायांनी ढकललं. नाही हलले. तिघांनी एकमेकांचे हात धरून माझ्यावर फुगडी घातली!

आणि रविवारी सकाळी टपालवालीने माझ्यावर पाय ठेवला, तर सूंऽऽऽ!

ती कपाटापाशी बसून राहिली. रडू का हसू, तिला कळेना. "संपलं," ती म्हणाली. "उद्या त्या येणार."

मला कारण ठाऊक होतं हो! मी कधीची ओरडत होते, पण पायपुसणीचं ऐकायला कान जमिनीला लावावे लागतात, आणि एवढं कोण वाकतं? तेवढ्यात भिंगरी वाकली. माझी कड उचलून तिने नाक खुपसलं. "आई, इथे बाबांसारखा वास येतोय. मेणाचा!"

सगळ्यांनी पॉलिशवाल्याकडे पाहिलं. तो कानापर्यंत लाल.

"रोज सकाळी, तुम्ही उठायच्या आधी, तिला उचलून खालीही थोडं घोटतो," तो पुटपुटला. "झाकलेली जागा सोडली की मला चोरी केल्यासारखं वाटतं."

"टेपेखालीही?"

"हो."

"बुटांखालीही?"

"थोडंसंच गं!"

टपालवालीने फोन लावला, आत्याला सगळं सांगितलं आणि फोन नवऱ्याच्या कानाला लावला. मला पलीकडचा आवाज खाली ऐकू आला, इतका तो खणखणीत होता.

"गुळगुळ्या, स्वतःच्या बुटांखाली लावतोस का रे मेण?"

"नाही, आत्या. मागे मागे सरकत लावतो. नाहीतर पडेन ना."

"मग तिच्या का लावलंस?"

तो पायाच्या अंगठ्याने फरशी घासत राहिला.

"ऐक. तुझ्या फरशीचं मला कौतुकच आहे. सगळ्यांना सांगत असते इथे. पण मला तिच्यात तोंड नाही बघायचं, राजा. मला तिच्यावरून घरात यायचंय."

पॉलिशवाल्याने फोन ठेवला आणि गरम पाण्याची बादली आणली. साबण आणला, ब्रश आणला. गुडघ्यांवर बसून माझ्या जागेची चमक त्याने आपल्या हाताने खरवडून काढली. वीस वर्षं चमक चढवणारा माणूस पहिल्यांदा उतरवत होता. मध्येच बाहीने नाक पुसायचा. माझे बूटही धुतले, कारण त्यांना मेण माखलं होतं. फरशी खडखडीत सुकली तेव्हा दारात माझ्याएवढाच एक मळकट, फिकट गोल दिसत होता. मला विचाराल तर त्या घरातली तीच सगळ्यांत देखणी जागा!

सोमवारी नर्सबाई भिंत धरूनच आत आल्या. एक पाय ठेवला. दुसरा ठेवला. आपटून पाहिला. गर्रकन वळल्या. मग कागद टपालवालीकडे देऊन, चष्मा घट्ट धरून, त्यांनी चक्क उडी मारली! कपाटातली भांडी खणखणली. मी? मी ढिम्म!

"आणा आत्याबाईंना. पण त्यांच्या वाटेवरचं मेणही असंच काढून ठेवा," त्या म्हणाल्या, आणि परत एक उडी मारली, ती उगीचच.

मैत्रिणींनो, तुमच्या दारातलीलाही बूट घाला. अधूनमधून उलटी करून तिचे तळ धूत जा, आणि तिच्या पायाखाली मेण तेवढं लावू नका. माझा प्रवास संपला म्हणून भिंगरी दोन दिवस रुसली, मलाही चुकल्यासारखं झालं. पण ते दोनच दिवस.

कारण तिसऱ्या दिवशी दारात वॉकर वाजला. टुक, टुक. पॉलिशवाला एका बाजूला, टपालवाली दुसऱ्या बाजूला, भिंगरी मागे. आत्याने दोघांचे हात बाजूला केले. एक पाय माझ्यावर ठेवला, मग दुसरा. सगळ्यांनी श्वास रोखला. आत्याने मात्र सावकाश उजवा पाय तीनदा पुसला, डावा तीनदा पुसला, आणि खाली माझ्याकडे बघून म्हणाली, "शहाणी गं माझी बाय ती!"

आणि चालत घरात गेली.