कानसेन बाजाराला जातात

“ही पिशवी रिकामी असताना एवढी जड कशी?” काकड्यांच्या ढिगापाशी उभं राहून बायकोने विचारलं. विचारलं म्हणजे, अर्ध्या बाजाराला ऐकू जाईल असं विचारलं.

“छत्री आहे त्यात,” कानसेन म्हणाले.

“छत्री माझ्या हातात आहे.”

यावर कानसेनांनी एक काकडी उचलली आणि उन्हात धरून मोठ्या अभ्यासाने पाहिली. पिशवीच्या तळाशी, जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळलेला, हातभर लांबीचा स्क्रू-ड्रायव्हर होता. आज एकही हत्यार बरोबर घ्यायचं नाही, कुठल्याही यंत्राखाली शिरायचं नाही, दोघांनी खेड्यातल्या शेतकरी बाजारात निवांत हिंडायचं आणि झाडाखाली डबा खायचा, असं ठरलं होतं. तसं ते लग्नापासूनच ठरत होतं. पस्तीस वर्षांत बायकोने चार सहली पाहिल्या आणि चारही सहलींत नवऱ्याचे फक्त पाय पाहिले. बाकीचा नवरा कुणाच्या ना कुणाच्या गाडीखाली असायचा.

कानसेन हे त्यांचं बस डेपोतलं नाव. तिथे ते फिटर होते. गाडी फाटकात शिरायच्या आधी, वळणावरूनच ते सांगत, की मागच्या चाकाचं बेअरिंग गेलंय आणि ड्रायव्हर घरी भांडून आलाय. एकदा लांबच्या गावी एक गाडी कुरकुरायला लागली. ड्रायव्हरने टेलिफोनची तार ताणून रिसीव्हर बॉनेटपाशी धरला. कानसेनांनी इकडून ऐकलं आणि म्हणाले, “तिसरा सिलिंडर. शिवाय आत मांजर व्यालंय. तीन पिल्लं.” उघडून पाहिलं तर सिलिंडर तिसराच. पिल्लं मात्र चार निघाली. पण चौथं झोपलेलं होतं, तेव्हा डेपोत ती चूक कुणी धरली नाही. ज्यांना हे पटत नाही त्यांनी त्या मांजरीला विचारावं.

असा हा कान निवृत्तीनंतर दोन वर्षांत चोरपावलांनी निघून गेला. आधी पाखरं गेली, मग नळाचं ठिबकणं, मग दाराची कडी. कानसेनांनी कुणाला थांग लागू दिला नाही. ते स्वतःच जास्त बोलू लागले, म्हणजे दुसऱ्याचं ऐकायची वेळ येत नाही. बायकोला तर गंधही नव्हता, अशी त्यांची खात्री होती. उलट तीच हल्ली फार मोठ्याने बोलायची. शेजारी म्हणत, माणूस किती गरीब, आणि बाई बघा कशी दिवसभर कडाडते. कानसेनांना वाईट वाटायचं. वय झालं की एकेकाचा स्वभाव बिघडतो, असं ते मनाशी म्हणायचे.

“उस्ताद!”

ही हाक मात्र त्यांना ऐकू आली, कारण ती भोंग्याची होती. भोंग्या हा डेपोतला जुना ड्रायव्हर. मोकळ्या रस्त्यावर स्वतःच्या सावलीलाही हॉर्न देणारा. आता तो शेती करत होता आणि या बाजारात पालेभाजी विकत होता.

“उस्ताद, देवासारखे आलात. बाजाराच्या विहिरीवरचा पंप रुसलाय. उचकी लागल्यासारखं पाणी येतंय. तीस जणांची भाजी त्या पाण्यावर आहे, आणि आत्ताच बघा कशी माना टाकायला लागली.”

“आज सुट्टी आहे त्यांची,” बायको म्हणाली.

“वहिनी, खोलायचं नाही काही. नुसतं ऐकायचं. कान लावायला कितीसा वेळ लागतो?”

कानसेनांनी काकडी परत ढिगावर ठेवली. भोंग्या वाटेत दिसेल त्याला मांजरीची गोष्ट सांगत पुढे चालला. विहिरीपाशी पोहोचेपर्यंत पिल्लं सात झाली होती आणि मागे चाळीस माणसं.

तब्येत बरी नाही म्हणावं का? त्यांनी पिशवीत हात घातला. हात रिकामाच बाहेर आला.

“ही घ्या तुमची छत्री,” बायकोने स्क्रू-ड्रायव्हर पुढे केला.

कानसेनांनी टोक पंपावर टेकवलं, मूठ कानाला लावली, डोळे मिटले आणि मान डावीकडे कलती केली. हातातून थरथर चढली, दातांपर्यंत गेली. आवाज म्हणून आली ती एक सपाट गुणगुण, दूरच्या खोलीत कुणी अंगाई म्हणावी तशी. त्यातून काहीही वेगळं निघेना.

एक मिनिट गेलं. मग दुसरं.

“काय म्हणतोय, उस्ताद?” भोंग्याने विचारलं.

“अहो, डोकं उठलं माझं,” बायको कडाडली. “आत कुणी सुपात खडे पाखडतंय की काय?”

“वहिनी, जरा गप्प. त्यांना ऐकू द्या.”

“काय ऐकू द्या? मध्येच ओझं टाकून पळाल्यासारखं इंजिन सुसाट सुटतं, आणि परत खडे. फुसफुस असती तर सोसलीही असती. पण फुसफुस कुठेच नाही. नुसते खडे.”

गर्दीतल्या एका म्हाताऱ्याने कानसेनांकडे कीव आल्यासारखं पाहिलं. कानसेनांनी डोळे उघडले. बायको पंपाकडे बघतच नव्हती. ती थेट त्यांच्याकडे बघत होती, आणि एकेक शब्द ओठांवर सुटा करून ठेवत होती.

फुसफुस नाही, म्हणजे हवा शिरत नाही, जोड घट्ट आहेत. खडे, म्हणजे पंपाला पाणी पुरत नाही, तो कोरडं चावतोय. ही सगळी त्यांचीच भाषा. पस्तीस वर्षं ताटावर बसून, गाल फुगवून, ते बायकोला यंत्रांचे आवाज काढून दाखवत आले होते. ती भाजीत मीठ नीट पडलंय का एवढंच बघते, असं त्यांना वाटायचं.

“पाइप वर काढा,” ते म्हणाले. “तळाची जाळी तुंबलीय.”

पाइप वर आला. जाळीला कुजका पाला आणि पोत्याच्या सुतळ्या गच्च बसल्या होत्या. जाळी साफ करून, पंपात पाणी भरून इंजिन सुरू केलं, तेव्हा मनगटाएवढी धार लागली. भोंग्याने सगळ्यांकडे विजयी नजर फिरवली.

“वहिनींचा पट्टा चालू असताना ऐकलं त्यांनी. हे कुणाला जमेल?”

चाळीस माणसं हसली. बायकोही हसली. कानसेन स्क्रू-ड्रायव्हर वर्तमानपत्रात गुंडाळत राहिले, बराच वेळ.

परतीच्या बसमध्ये ती त्यांच्या डाव्या बाजूला बसली, मांडीवर भोंग्याने दिलेली पालेभाजी घेऊन. उरलंसुरलं ऐकू यायचं ते त्याच बाजूच्या कानाला. ती नेहमी डावीकडेच बसते, हे त्यांना आज पहिल्यांदा दिसलं.

“कधीपासून?” त्यांनी विचारलं.

“तुम्ही निवृत्त झालात, त्या पहिल्याच उन्हाळ्यापासून. मांजर दारात तासभर ओरडत होतं आणि तुम्ही पेपर वाचत होतात.”

कानसेनांनी पिशवी पायाशी सरकवली.

“शेजारी तुला काय काय म्हणतात,” ते म्हणाले.

“मला ऐकू येतं,” ती म्हणाली.

पुढे चढ लागला. सीटखालून एक वेगळीच थरथर आली. कानसेनांनी पुढच्या दांडीवर तळवा टेकवला, जरा वेळ ठेवला. मग तिच्याकडे न बघता विचारलं, “कोणता सिलिंडर?”

तिने भाजीची जुडी बाजूला ठेवली. डोळे मिटले, मान डावीकडे कलती केली आणि ऐकू लागली. कानसेन वळून तिच्या ओठांकडे बघत थांबले.