ताईचा डिंक

पडद्यावरच्या मुलीने यानाच्या काचेला तळहात टेकला, तशी ताईने खुर्चीची कड घट्ट धरली. आता ती बोलणार होती. बत्तीस वर्षांपूर्वी जे बोलायचं राहून गेलं, ते आज सकाळी सव्वाअकराला, ह्या जेमतेम तीस खुर्च्यांच्या खोलीत बोललं जाणार होतं.

"बाबा, आता वाट पाहू नका," मुलगी म्हणाली. "हा आवाज तुमच्यापर्यंत पोचेल तेव्हा मी नसेन. पण ह्या ताऱ्यांमधून माझी नजर कायम तुमच्या खिडकीवर असेल."

व्हायोलिनं भरून आली. शेजारी बसलेला दादा ओठ हलवत तिच्याबरोबर शब्द न् शब्द म्हणत होता. शेवटच्या शब्दाला त्याने रुमाल काढला आणि चष्म्याखालून डोळे टिपले. ताईलाही रडू यायला हवं होतं, त्याच तयारीने ती आली होती. पण जुन्या खोडीने तिची बोटं मांडीवर अक्षरं मोजत बसली होती. एवढं सगळं पुस्तकातल्या त्या संवादाच्या फुग्यात मावलं कसं असतं, असं तिच्या मनात आलं, आणि तिने स्वतःलाच दटावलं. सत्तरीतल्या बाईने बत्तीस वर्षांपूर्वीच्या फुग्याचं माप कशाला सांगावं?

ती चित्रकादंबरी तीन भावंडांनी मिळून केली होती. गोष्ट दादाची, चित्रं धाकट्याची, आणि फुग्यांमधलं अक्षर ताईचं. खरं तर दादा तिच्याहून मोठा, पण धाकट्याचं ऐकून तोही तिला ताईच म्हणायला लागला तो कायमचा. गोष्ट साधी होती. एक मुलगी इतक्या दूर जाते की तिचा आवाज घरी पोचायला अकरा वर्षं लागतात, आणि इकडे तिचे वडील रोज संध्याकाळी यंत्रापुढे बसतात. ताई टाकाने पट्ट्यांवर संवाद लिहायची, कापायची आणि डिंकाने फुग्यात चिकटवायची. मग पानं सायकलवरून छापखान्यात पोचवायची, हे काम धाकट्याचं.

पुस्तक छापून आलं तेव्हा शेवटच्या पानावरचा फुगा रिकामा होता. काचेमागे मुलगी, तिचं उघडं तोंड, आणि वर नुसता पांढरा गोल. दादाने त्या दिवशी घर डोक्यावर घेतलं. चार वर्षं ज्या वाक्यासाठी लिहिलं तेच वाक्य गळून पडलं, ताईला एक पट्टी धड चिकटवता येत नाही, असं तो शेजाऱ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाला. धाकटा खिडकीशी उभा राहून नखं कुरतडत होता. तो आपल्यासाठी घाबरलाय, असं तेव्हा ताईला वाटलं होतं.

तिने उलट उत्तर दिलं नाही, कारण तिला एक गोष्ट ठाऊक होती. शेवटचं पान चिकटवलं त्या दुपारी डिंकाची बाटली तळाला गेली होती आणि नवीन आणायचा कंटाळा करून तिने तिच्यात दोन चमचे पाणी घातलं होतं. हे तिने कधीच कोणाला सांगितलं नाही.

पुढे नवल घडलं. लोकांनी त्या रिकाम्या फुग्यालाच डोक्यावर घेतलं. पत्रं येऊ लागली. एका निवृत्त मास्तरांना खात्री होती की मुलगी 'भूक लागली' एवढंच म्हणाली असणार. नवरा समुद्रावर गमावलेल्या एका बाईंनी लिहिलं, ती काय म्हणाली ते मला माहीत आहे, पण मी कागदावर उतरवणार नाही. दादा प्रत्येक पत्रागणिक चिडायचा. धाकटा मात्र एकेकाला कार्ड पाठवायचा, 'बरोबर ओळखलंत.' आणि घरात काहीही सुटलं, उसवलं, चपलेचा तळ निघाला की दादाची ठरलेली कोटी असायची, "ताईचा डिंक!" सगळे हसायचे, ताईही हसायची. पण फुग्यात अक्षर काढायला ती पुन्हा बसली नाही. शाळाशाळांच्या प्रमाणपत्रांवर पोरांची नावं घालण्यात तिचं उरलेलं आयुष्य गेलं. तिथे काही चिकटवावं लागत नसे.

दिवे लागले. दिग्दर्शिका पुढे आली. तिशीतली मुलगी, डोळ्यांखाली जागरणाची काळी वर्तुळं. तिने प्रसंग दोन तऱ्हांनी तयार केला होता. पहिला दादांच्या आठवणीतल्या वाक्याचा, आत्ता दाखवला तो. दुसरा पुस्तकाप्रमाणे. तो तिने लावला. मुलगी काचेला हात टेकते, तोंड उघडते, ओठ हलतात, आणि काहीच ऐकू येत नाही. वाद्यंही नाहीत. ताईला ह्या खेपेला दिसलं की काचेवरचा तो तळहात थरथरतोय. मघाशी ती ऐकण्याच्या नादात होती, ते दिसलंच नव्हतं.

"लोकांना वाटेल आवाज बिघडलाय," दादा म्हणाला.

"आणि शिव्या मला पडतील," मागून ध्वनिमुद्रक हसत म्हणाला.

दादाने दिग्दर्शिकेला जवळ बोलावून घेतलं. सिनेमा पुस्तकाला न्याय देतो का, हे लोक नेहमी विचारतात, त्याने सांगितलं. "माझ्या बाबतीत पुस्तकानेच दिला नव्हता. तुम्ही दिलात." दिग्दर्शिकेची स्वतःची पसंती दुसऱ्या तऱ्हेला होती, हे तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट होतं. पण गोष्टीचे हक्क दादाकडे, आणि चार वर्षांपूर्वी धाकटा गेल्यापासून त्याचा वाटा ताईकडे. दोघांची सही झाल्याशिवाय तिला पुढे जाता येत नव्हतं. सही आजच हवी होती.

ताईचं कालच ठरलं होतं. आपल्या हातून गळालेलं वाक्य आता हजारो लोक ऐकतील. त्या दोन चमचे पाण्यातून सुटका व्हायला एवढी एकच वाट उरली होती, आणि ती काही कुणी रोज उघडून देत नाही.

दिग्दर्शिकेने स्कॅन करून आणलेल्या मूळ पानांचं खोकं ताईपुढे ठेवलं, तेवढी मोजून घ्या म्हणाली, आणि चहा सांगायला गेली. पानं पाठीवरून ओळखू येत होती, धाकट्याने एकेकावर पेन्सिलीने आकडा घातला होता. शेवटचं पान तेवढं वेगळ्या कागदात गुंडाळलेलं होतं. ते त्याने चौकटीत बसवून आपल्या टेबलासमोर टांगलं होतं, मरेपर्यंत. फुग्याचा नावलौकिक झाला म्हणून टांगलंय, असंच सगळे समजत होते. स्कॅनवाल्यांनी पहिल्यांदाच त्याची चौकट काढली होती. कागदावर त्यांची चिठ्ठी होती. 'मागच्या बाजूला काहीतरी चिकटवलेलं आहे. हात लावलेला नाही.'

ताईने पान उलटं केलं.

ते तिचंच अक्षर होतं. टाकाने काढलेलं, काळं, जराही न फिकुटलेलं. 'बाबा, आता वाट पाहू नका.' एवढंच. पट्टी चारही कडांनी सपाट बसली होती, आणि खाली धाकट्याच्या बारीक पेन्सिलीत लिहिलं होतं. 'ही मुलगी इथे बोलणार नाही. दादाला सांगायची छाती नाही. ताईचं अक्षर फेकवत नाही, म्हणून इथे लावून ठेवतो.'

तिने पट्टीच्या कडेवरून नख फिरवलं. दुसऱ्या डिंकाचा मागमूस नव्हता. त्या दुपारी, ओली असतानाच, त्याने ती उचलून पाठीवर दाबली होती.

आधी तिला हलकं वाटलं, इतकं की ती खुर्चीत नीट मागे टेकून बसली. मग संताप आला. मरेपर्यंत अठ्ठावीस वर्षं हा लबाड तिच्याशेजारी जेवला, 'ताईचा डिंक' ऐकून सगळ्यांबरोबर हसला, तिच्या हातचं औषध घेत गेला, आणि मूग गिळून राहिला. कार्डं मात्र लिहीत होता, बरोबर ओळखलंत! मेलेल्या माणसाशी भांडता येत नाही, हीच त्यातली खरी चीड होती.

पान सुलटं करून ठेवून द्यावं, असंही तिच्या मनात आलं. दादा शहात्तरचा झाला होता. त्याला आज उभ्या आयुष्यातलं राहून गेलेलं मिळालं होतं, आणि ते आपल्या पाठच्या भावानेच काढून घेतलं होतं हे कळून त्याचं काय भलं होणार होतं? पण मग आपलं काय, असं तिने स्वतःला विचारलं. हा प्रश्न तिने आजवर विचारलाच नव्हता.

"दादा, जरा इकडे ये."

तो आला. तिने पान उलटं त्याच्या हातात दिलं आणि ती पुढच्या रिकाम्या खुर्च्यांकडे बघत बसली. दादाने चष्मा पुसला. वाचलं. पुन्हा वाचलं.

"एवढंच होतं?" तो शेवटी म्हणाला.

"एवढंच. फुग्यात मावेल एवढंच."

"मला वाटत होतं, मी जास्त लिहिलं होतं." त्याने त्या एका ओळीवरून बोट फिरवलं. "नजर, खिडकी, तारे... ते कधी आलं?"

बत्तीस वर्षं तो ते वाक्य येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवत आला होता, दरवेळी थोडं आणखी चांगलं करून. ते तिला आत्ता आठवत होतं, पण बोलून दाखवायची तिला गरज वाटली नाही.

दादाने पट्टीच्या कोपऱ्याला नख लावलं. कोपरा हलेना. त्याने दुसरा करून पाहिला.

"पक्का बसलाय."

"पाणी घातलं होतं मी त्यात," ताई म्हणाली. "दोन चमचे. बाटली संपत आली होती."

"तरीही?"

"तरीही."

दादाने मान हलवली. काही बोलेल असं तिला वाटलं, आणि ती थांबली. एवढ्या वर्षांत तिने काही मागितलं नव्हतं, एक शब्द तरी मिळावा असं तिला मनापासून वाटत होतं. पण त्याने पान तिच्या मांडीवर ठेवलं, हळू, दोन्ही हातांनी, आणि तो जागेवर जाऊन बसला.

चहा आला. मागोमाग दिग्दर्शिका आली, आणि वायरींची गुंडाळी खांद्यावर घेतलेला ध्वनिमुद्रकही. काय ठरलं, असं तिने दबकतच विचारलं.

"दुसरं," दादा म्हणाला. "पुस्तकात आहे तसं. ती बोलणार नाही."

दिग्दर्शिकेने ताईकडे पाहिलं. ताईने मान डोलावली.

दादाने कप खाली ठेवला. "आणि हे बघा, लोक म्हणतील, आवाज बिघडला. म्हणणारच. तेव्हा ह्या माणसाला बोल लावू नका. त्याने त्याचं काम चोख केलंय. असे बोल माणसाला जन्मभर पुरतात." त्याने ताईच्या मांडीवरच्या पानाकडे बोट दाखवलं. "मुद्दाम केलंय म्हणून सांगा. आमच्या धाकट्याने केलंय म्हणून सांगा."

ध्वनिमुद्रक संकोचून म्हणाला, एवढं काही नाही हो, आम्हाला सवय असते.

"सवय असते, माहीत आहे मला," दादा म्हणाला. तो त्याच्याकडे बघत नव्हता.

ताईने पान सुलटं केलं, इतर पानांवर ठेवलं आणि सही करायला पेन मागितलं.