दीड दिवसाची कराची

भिमानं तुळशीच्या पानावरून पाणी सोडलं, तशी बापानं मान भिंतीकडं फिरवली. पाणी उशीवर सांडलं.

"आबा, घोटभर घ्या."

सावळारामानं ओठ आवळले. सकाळी त्याच्या बहिणीनं, ठकुबाईनं, पाजलं तेव्हा हाच माणूस चमचाभर प्यायला होता. पण शेवटचं पाणी लेकाच्या हातचं लागतं. लेक तर कराचीहून येऊन उशाशी बसला होता.

येऊन. घोडं तिथंच अडलं होतं.

तार मंगळवारी दुपारी भोरातून गेली, आणि आज गुरुवारी न्याहारीची भांडी घासायच्या आत हा दारात. सगुणा वाटी धरून नवऱ्यामागं उभी होती, मनात वाट चालत होती. कराची. आगबोट. मुंबई. रेल्वे. पुणं. सर्विस मोटार. भोर. तिथून आंबवडं पायी. मागल्या खेपेला त्याला पाच दिवस लागले होते.

मागली खेप म्हणजे तीन वर्षांपूर्वीची.

"इमानातनं आलो," भिमा पुन्हा म्हणाला. "आमचं सायब... म्या त्यांची गाडी चालवतो, ते मुंबईला निघालं व्हतं. पाया पडलो, तवा संगं घेतलं. चार... चार तास लागलं मुंबईला."

"चार तासांत आपली बैलगाडी नसरापूर गाठत न्हाई," ठकुबाई म्हणाली. "वरनं समिंदर कसा दिसतो रं?"

"डोळं मिटून बसलो व्हतो, आत्या. भ्या वाटलं."

"बरं जमलं तुला!"

"तार तर कराचीलाच केली व्हती, आत्याबाई," सगुणा हळूच म्हणाली.

"ह्यो पुन्यातच ऱ्हात आसंल. कराचीतला दोस्त तार आल्याचं तिकडं कळवील की. लई भोळी गं तू."

भिमानं खिशातून कापसाचे दोन बोळे काढले. विमानात कानठळ्या बसतात म्हणून देतात, म्हणाला. ते बघून ठकुबाईनं तोंडाला पदर लावला. माणूस अजून जिता, आणि हा घरात कापसाचे बोळे घेऊन आला!

"खोटं बोलनाऱ्याच्या हातचं... नगं," सावळाराम भिंतीशीच बोलला. छाती भात्यासारखी वरखाली होत होती. "कुठं व्हतास?"

भिमा बापाच्या फुटलेल्या ओठांकडं बघत राहिला. सगुणाला त्याची नुसती मान दिसत होती.

"पुन्यात," तो म्हणाला.

"पुन्यात कुठं?"

"रविवार पेठेत. भांड्याच्या दुकानावर माडीची खोली हाय. चुकलो, आबा."

म्हाताऱ्याची मान वळली. तोंड उघडलं. एक घोट, मग दुसरा. "आता कसं," तो पुटपुटला, आणि लेकाचं मनगट धरून पडून राहिला. दुपारपर्यंत त्या हाताची पकड आपोआप सुटली.

ठकुबाई रडत भावकीला सांगायला गेली. भिमा परसात आला. सगुणा तांब्या घेऊन मागोमाग गेली.

"ते म्या आबांसाठी म्हनलं गं. त्यांनी पानी घ्यावं म्हनून."

"व्हय."

तिनं त्याच्या हातांवर पाणी ओतलं. विमानाचं सांगताना तो जागोजाग अडखळला होता. पेठ, दुकान, माडी मात्र एका दमात.

"जिना आतनं हाय, का रस्त्यावरनं?"

"रस्त्यावरनं," तो म्हणाला.

मग हात चोळायचा थांबला. सगुणा पाणी ओततच राहिली.